सहलीची बस आणि बसचे कागद

महिला मंडळाच्या सहलीला तुमच्यापैकी बहुतेकजणी गेल्या असतील. बसमध्ये चढताना आपण काय बघतो? खिडकीजवळची जागा मिळते का, आणि शेजारी उलटी होणारी कोणी बसत नाही ना! बसचं परमिट कसलं आहे, पासिंग झालंय की नाही, हे विचारणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही. चार वर्षांपूर्वीपर्यंत मीही विचारत नव्हते.

आमचं कशेळी म्हणजे ठाण्याच्या बाळकूमकडून खाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या रस्त्यावर लागणारं गाव. दोन्ही बाजूंना गोदामं, मधून ट्रकांची रांग आणि डोक्यावर मेट्रोचे खांब. इथल्या बायकांना गाड्यांचं नवल नाही. कोणाचा दीर टेम्पोवर, कोणाच्या भावाचा स्वतःचा ट्रक. आणि एकवीरा आईचं दर्शन म्हणजे आमच्या आगरी-कोळी घरांत वर्षाचा नेम. चैत्रातल्या यात्रेच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही, म्हणून यात्रा उरकली की आमच्या मंडळाची बस कार्ल्याला निघते.

त्या वर्षी बस ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हिशेब आणि याद्या 'बाईंकडे' हे ठरलेलंच. मुलांची ने-आण करणारी एक बस रविवारी रिकामी उभी असते, हे मला माहीत होतं. मालकाने भाडं सांगितलं ते इतरांच्या निम्म्याने. मला तर आभाळ ठेंगणं झालं! दरडोई तीनशे रुपये वाचवले म्हणून मंडळात माझं कौतुकही झालं.

पहाटे साडेपाचला आम्ही बेचाळीसजणी निघालो. गाणी, चिवडा, एकीच्या नातवाचं रडं, सगळं यथासांग. पनवेलच्या पुढे आरटीओच्या वायुवेग पथकाने गाडी बाजूला घेतली. पिवळी बस, बाजूला 'शाळेची बस' अशी पाटी आणि आत नऊवारीतल्या आज्या. साहेबांनी कागद मागितले. परमिट होतं ते फक्त शाळेच्या मुलांची वाहतूक करण्याचं. गाडी तिथेच थांबली. ड्रायव्हर मालकाला फोन लावत राहिला आणि मालक काही फोन उचलेना.

दीड तास आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या. ऊन चढलेलं, आडोसा नाही, लघवीला जायला जागा नाही. आमच्या आत्याबाई सत्तरीच्या पुढच्या. त्या दगडावर बसून म्हणाल्या, "आता काय चालत जावाचं काय गो?" हसावं की रडावं कळेना. शेवटी ओळखीने दोन ट्रॅव्हलर गाड्या मिळाल्या, दुप्पट पैसे मोजून. वाचवलेले तीनशे गेले, वर आणखी गेले.

पण माझ्या मनात पैसे राहिले नाहीत. त्या अधिकाऱ्याचं एक वाक्य राहिलं. ते ओरडून बोलले नाहीत, हळूच म्हणाले, "ताई, वाटेत काही झालं असतं तर विमा कंपनीने हात वर केले असते. मग या बेचाळीस घरांत तुम्ही काय तोंड घेऊन गेला असतात?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी हा विषय धसाला लावायचा ठरवला. आरटीओत चार खेपा घातल्या, दोन बसमालकांशी बोलले, कायद्याचं पुस्तक चाळलं. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं त्याचा एवढाच उपयोग झाला, की कलमांची भाषा पाहून घाबरले नाही! आणि गंमत म्हणजे, शिकता शिकता हाच माझा जोडधंदा झाला. आता वर्षातून पाच-सहा सहली मी काढते. तुमच्यापैकी कोणाच्या मनात असं काही असेल तर मला ठेचा लागून जे कळलं ते तुम्हांला आधीच कळावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

मुळात एक फरक समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात भाड्याने माणसं नेणाऱ्या बसचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक टप्पा वाहतूक. म्हणजे ठरलेल्या मार्गावर थांब्याथांब्याला माणसं चढणार, उतरणार, ज्याचं त्याचं तिकीट वेगळं, आपल्या एसटीसारखं. दुसरी कंत्राटी वाहतूक. म्हणजे अख्खी बस एका करारावर घ्यायची, ठरलेली मंडळी ठरलेल्या ठिकाणी न्यायची, आणि करारात नसलेला माणूस वाटेत चढवायचा नाही. आपल्या सहलीची बस या दुसऱ्या प्रकारात बसते. यादीत नाव असलेली माझी जाऊ काल्हेरला चढली तर हरकत नाही. पण पनवेलच्या नाक्यावर उभ्या असलेल्या अनोळखी जोडप्याला 'दोन सीटा रिकाम्या आहेत, बसा' म्हणून घेतलं, की गाडी टप्पा वाहतूक करायला लागली. ड्रायव्हर असे दोन-चारशे रुपये सुटावेत म्हणून विचारतात बरं का. तुम्ही ठाम 'नाही' म्हणा.

राज्यातल्या राज्यात फिरायचं तर बसला कंत्राटी वाहतुकीचं परमिट हवं. शिर्डी, पंढरपूर, गणपतीपुळे इथवर ते चालतं. गाणगापूर, सोमनाथ किंवा उज्जैन करायचं असेल तर मात्र अखिल भारतीय पर्यटक परमिट लागतं. त्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये नवे नियम केले आणि अर्ज ऑनलाइन असतो. अशा गाडीत प्रवाशांची यादी ठेवावीच लागते. मी ती राज्यातल्या सहलीलाही ठेवते. नाव, वय, घरच्या माणसाचा फोन, आणि साखर-रक्तदाबाची औषधं असतील तर तीही. एक प्रत माझ्याकडे, एक ड्रायव्हरकडे आणि तिसरी घरी मिस्टरांकडे.

परमिट नसताना किंवा परमिटच्या अटी मोडून गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण दंड मालक भरेल हो, आपल्याला काय, असं म्हणू नका. खरी मेख विम्यात आहे. परमिटमध्ये ज्या कामाची परवानगी नाही त्या कामासाठी गाडी वापरली, तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्याचा मुद्दा कायद्यानेच दिलेला आहे. परमिट नसताना गाडी चालवणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. अशा वेळी जखमींना पैसे कंपनीने आधी द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते आणि त्यात वर्षं जातात. ज्या घरातली कमावती किंवा रांधती बाई अंथरुणाला खिळली, त्या घराने तोवर काय करायचं?

हे सगळं मी उगाच भीती घालायला लिहीत नाही. १३ जानेवारी २०२३ ला अंबरनाथ भागातून शिर्डीला निघालेल्या बसचा सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथरे गावाजवळ ट्रकशी अपघात होऊन दहाजण गेले. जुलै २०२४ मध्ये आषाढीसाठी डोंबिवलीहून निघालेली बस मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली कोसळली, पाचजणांचा मृत्यू झाला. दोन्ही गावं आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरची. आणि ११ ऑगस्ट २०२५ च्या श्रावणी सोमवारी खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या पापळवाडीच्या बायकांचा पिकअप घाटात कोसळला. एकाच गावच्या कितीतरी बायका एका दिवसात गेल्या. या गाड्यांचे कागद नव्हते असं मी म्हणत नाही, मला म्हणायचंही नाही. कागदाने अपघात टळत नाही. पण पासिंग झालेली गाडी, झोप झालेला ड्रायव्हर आणि चालू विमा एवढं तर आपल्या हातात असतं ना?

पिकअपवरून आठवलं. आमच्या भागात घरचाच टेम्पो असतो, म्हणून त्यात ताडपत्री अंथरून वज्रेश्वरीला नाही तर हळदीला जायची जुनी सवय आहे. 'जवळच तर जायचंय!' मालाच्या गाडीत अशी माणसं नेता येत नाहीत, आणि त्यांचा विमाही त्यात धरलेला नसतो. दीर कितीही प्रेमाने म्हणाला तरी नको म्हणा. मी म्हटलं तेव्हा चार दिवस घरात अबोला होता. चालायचंच.

आता गाडी ठरवताना काय बघायचं ते सांगते. पहिली गोष्ट नंबरप्लेट. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी, त्यावर काळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी, ती भाड्याने घेऊच नका. मग गाडीचा नंबर मागून घ्या आणि मोबाइलवर एम-परिवहन ॲपमध्ये टाका. पासिंग कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, पीयूसी आहे की नाही, सगळं समोर येतं. नव्या गाडीला पासिंग दोन वर्षांचं मिळतं, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. तारीख तुमच्या सहलीच्या दिवसाच्या पुढची हवी, आजच्या नव्हे! परमिटचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा आणि त्यावरचा वाहतुकीचा प्रकार डोळ्यांनी वाचा. मी वाचला असता तर त्या आज्या रस्त्यावर उभ्या राहिल्या नसत्या.

मालक नाराज होतात. "वहिनी, विश्वास नाही का आमच्यावर?" असं मला एकाने विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्यावर आहे, कागद नुसते बघायचेत." हसत हसत बोललं की काम होतं. आणि जो शेवटपर्यंत फोटो पाठवत नाही, त्याचं उत्तर आपल्याला मिळालंच.

ड्रायव्हरचंही बघायला हवं. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती होती. प्रत्यक्षात रात्री लग्नाचं वऱ्हाड सोडून पहाटे तोच ड्रायव्हर आपल्या दारात उभा राहतो. निघताना मी चहाचा कप पुढे करते आणि विचारते, "दादा, काल कुठे होतात?" डोळे लाल दिसले तर सरळ मालकाला फोन. रात्रीचा प्रवास असेल तर दोन ड्रायव्हर, हे करारातच लिहून घेते. करार म्हणजे काही स्टॅम्पपेपर नव्हे, साध्या कागदावर तारीख, मार्ग, गाडीचा नंबर, भाडं, टोल-पार्किंग कोणाचं, गाडी बिघडली तर दुसरी कोण देणार, आणि दोघांच्या सह्या. दोनदा या कागदाने माझी भांडणं वाचवली आहेत.

आता धंद्याकडे वळू. स्वतःची बस घ्यायची स्वप्नं पहिल्याच वर्षी पाहू नका. बस म्हणजे कर्ज, रस्ता कर, विमा, परमिट, ड्रायव्हरचा पगार, आणि सहल असो नसो दारात उभा असलेला हप्ता. परमिट पाच वर्षांचं असतं, पण गिऱ्हाईक पाच महिने टिकेल याची खात्री नाही. बस दुसऱ्याची, माणसं आपली, अशी सुरुवात बरी.

मंडळाने वर्षातून एकदा वर्गणी काढून सहलीला जाणं वेगळं आणि पैसे मिळवण्यासाठी जाहिरात करून माणसं गोळा करणं वेगळं. भाड्याच्या गाड्यांसाठी तिकिटं विकणं किंवा गिऱ्हाईक जमवणं हे एजंटाचं काम झालं, आणि मोटार वाहन कायद्याच्या ९३ व्या कलमाप्रमाणे त्याला परवाना लागतो. तो आरटीओच्या कार्यालयात चौकशी करून रीतसर घ्या. याशिवाय दुकान-आस्थापनांच्या कायद्याखाली, ज्याला आपण गुमास्ता म्हणतो, नोंद हवी. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७ च्या कायद्यानंतर नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर होते, ती फुकट आहे. 'करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्यांना उगाच पोसू नका. जीएसटी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की लागतो. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, जमा झालेले सगळे पैसे, हे लक्षात असू द्या. आणि बँकेत खातं वेगळं काढा. सहलीच्या पैशांतून मुलाची फी भरली आणि पगार झाला की परत टाकते, हे मी एकदा केलंय. पुन्हा नाही.

राज्य सरकारने २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बाईने पंधरा लाखांपर्यंत कर्ज घेतलं तर बारा टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो, एकूण साडेचार लाखांपर्यंत. त्यासाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. मी अजून कर्ज घेतलेलं नाही, पण माहिती कापून ठेवली आहे.

हिशेब कसा बसतो ते उदाहरणाने पाहा. समजा एका दिवसाच्या सहलीला बस चोवीस हजारांना ठरली. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता मिळून तीन हजार. नाश्ता-जेवण दरडोई अडीचशे. पंचेचाळीस सीटा. आपण पंचेचाळीसांनी भागून साडेआठशे रुपये लावले, तर पाचजणी आयत्या वेळी गळल्या की पदरचे गेलेच! म्हणून भागाकार नेहमी छत्तीसांनी करावा. मग दर येतो एक हजार. छत्तीस आल्या तर ना नफा ना तोटा. पंचेचाळीस भरल्या तर पावणेसात हजार उरतात. तीसच आल्या तर साडेचार हजार खिशातून. माझी पहिली सहल तीसवरच थांबली होती. मिस्टर काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पेपर जरा जास्त वेळ वाचत बसले.

म्हणून नाव नोंदवताना निम्मे पैसे आधी घ्यायचे, आठ दिवस आधी रद्द केलं तर परत, नंतर नाही. सख्ख्या नणंदेलाही हाच नियम. तोंडावर गोड बोलून मागून नावं ठेवतात, ठेवू देत.

एसटीला मात्र विसरू नका. पहिल्यांदाच सहल काढणारीने एसटीच्या आगारात 'प्रासंगिक करारा'ची चौकशी करावी. लग्नाला, सहलीला अख्खी बस त्यावर मिळते आणि परमिटची काळजी आपल्याला राहत नाही. साध्या प्रवासात १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. आषाढीला चाळीसच्या वर माणसं जमली तर एसटी थेट गावातून पंढरपूरला गाडी देते. हे ऐकून कोणी म्हणेल, मग बायका तुमच्याकडे कशाला येतील?

येतात, त्याचं कारण सांगते. १९८४ साली केसरी टूर्स सुरू झाली, २०१३ मध्ये वीणा पाटलांनी वीणा वर्ल्ड काढली, आणि फक्त बायकांच्या सहली ही गोष्ट मराठी घरांत रुळली. पण ती मंडळी विमानाने लांब नेतात. आमच्या आत्याबाईंना हवी असते सकाळी जाऊन दिवेलागणीला परत आणणारी गाडी आणि वाटेत कुठे थांबायचं हे माहीत असलेली बाई. माझ्या वहीत सगळ्यांत मोलाची यादी देवळांची नाही, बाथरूमची आहे! कुठल्या पेट्रोल पंपावर स्वच्छ आहे, कुठे कडी लागत नाही, कुठे पायऱ्या उंच आहेत. दर दोन तासांनी गाडी थांबते, मग कोणी पाणी प्यायचं टाळत नाही. सोबत ओवा, आलेपाक, प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोन जुन्या चादरी आणि सॅनिटरी पॅडचं एक पाकीट. सकाळचा नाश्ता शेजारच्या दोघी करून देतात, त्यांनाही चार पैसे सुटतात.

परवाचीच गोष्ट. टिटवाळा-वज्रेश्वरी-गणेशपुरी अशी सहल ठरली होती. गाडी छान, पडदे-बिडदे लावलेली, मालक ओळखीतला. नंबर टाकून पाहिला तर पासिंग सहलीच्या तीन दिवस आधी संपत होतं. मालक म्हणाले, "होऊन जाईल वहिनी, अर्ज केलाय." मी म्हटलं, "झालं की फोटो पाठवा." शुक्रवारी रात्रीपर्यंत फोटो आला नाही, तेव्हा दुसरी बस घेतली, दोन हजारांनी महाग. ते दोन हजार माझ्या नफ्यातून गेले. बायकांना मी काही सांगितलं नाही. आत्याबाईंना मात्र कुठून तरी कळलं. सकाळी बसमध्ये चढण्याआधी त्या गाडीला एक फेरी मारून आल्या आणि मला विचारलं, "हिचा कागद बघला का?"